८० नंबरच्या दारात कोण?

"दादा, इन्स्टॉल तर नीट झालं, पण सर्व्हिस सुरूच होत नाही." घरातली मुलं लिनक्सवर हात बसवू लागली की ही तक्रार हमखास येते.

इंदूरला आमच्या मंडळाच्या वाचनालयातला कॉम्प्युटर उबुंटूवर चालतो. मंडळाच्या नव्या वेबसाइटसाठी माझ्या मामेभावाने त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टाकला. गणेशोत्सव आठवड्यावर आलेला आणि सर्व्हर काही उठेना. रीस्टार्ट झाला, पुन्हा इन्स्टॉल करून झालं. सेटिंगची फाइल तपासणारी कमांड तर 'सगळं ठीक' म्हणत होती. पण ती फक्त फाइल बरोबर लिहिली आहे का ते सांगते, पोर्ट मोकळं आहे का ते नाही.

मी म्हटलं, "थांब, आधी मशीन काय म्हणतंय ते वाच."

उबुंटूत सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसची नोंद ठेवते. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' दिलं की शेवटच्या ओळी दिसतात, 'जर्नलसीटीएल' दिलं की जुन्या नोंदीही. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: पोर्ट ८०, एरर ९८, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज. पोर्ट म्हणजे नंबर घातलेलं दार. साध्या वेबसाइटचं ८०, सुरक्षित वेबसाइटचं ४४३. तिथे एक प्रोग्राम आधीच बसलेला असेल, तर दुसऱ्याला सहसा जागा मिळत नाही. (एरर १३ असता, तर परवानगीचा घोळ शोधावा लागला असता.)

'एसएस' कमांडने बसलेल्याचं नाव सांगितलं: अपाचे.

"मग अपाचे काढूनच टाकतो!" मामेभाऊ म्हणाला.

"तो तिथे कशासाठी बसलाय ते तर बघ."

ब्राउझरमध्ये पान उघडलं, तर समोर वाचनालयाची यादी. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी कित्येक वर्षं संध्याकाळी बसून एकेक पुस्तक त्यात चढवलंय. कुठलं पुस्तक कुणाकडे गेलंय तेही त्यातच, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. अपाचे काढल्याने फाइली लगेच पुसल्या गेल्या नसत्या, पण यादी उघडली नसती. संध्याकाळी काका आले असते आणि त्यांना वाटलं असतं, पोरांनी माझं काम मोडीत काढलं.

आम्ही आधी यादीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग अपाचेला ८०८० नंबरच्या पोर्टवर हलवलं आणि ८० एनजिनएक्सला दिलं. यादी मागितली की एनजिनएक्स ती आतल्या आत ८०८० कडून आणून देतो. काकांचा नेहमीचा पत्ता तोच राहिला. त्यांना काही बदललंय हे कळलंसुद्धा नाही.

तेव्हा सर्व्हिस उठली नाही तर पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी नोंदीतली शेवटची ओळ वाचा. दारात कुणी असेल तर आधी नाव विचारा, काम विचारा, मगच त्याला हलवा.

यादीची प्रत आता दर रविवारी मामेभाऊच घेतो.