बांधावरचा खेकडा, सुपातला समुद्र

गाणं शिकवायचं तर आधी ते आपल्याला यायला हवं, अशी माझी समजूत होती. मला येतं ते एवढंच, की भजनी मंडळात मागच्या रांगेत बसून टाळ धरायचा आणि पुढच्या बायका थांबतील तिथे थांबायचं. बाकी सगळी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली. त्यामुळे परंदवडीच्या अंगणवाडीतल्या ताई जेव्हा म्हणाल्या, "काकू, सकाळच्या मोकळ्याच असता ना? मग मुलांचा गाण्या-नाचाचा तास घ्या की," तेव्हा मी हो म्हटलं ते केवळ मुलांच्या ओढीनं. विषय त्यांनी ठरवूनच ठेवला होता, समुद्रातले प्राणी. भिंतीवर तक्ता लागला होता: देवमासा, ऑक्टोपस, समुद्रघोडा, तारामासा, खेकडा, जेलीफिश. समोर तीन ते सहा वर्षांची मुलं. ताल म्हणजे नेमकं काय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि समुद्र म्हणाल तर तो घाट उतरून पार खाली.

सुरुवात कोळीगीतानं केली. स्नेहसंमेलनात कोळीनृत्य नाही अशी शाळा आपल्याकडे सापडायची नाही, म्हणून तेच सोपं असणार असं वाटलं. मोबाइलवर गाणं लावलं. वल्हं मारायचे हात मुलांना आधीच ठाऊक होते, मोठ्या भावंडांचं पाहून शिकलेले. पण हात एकीकडे, पाय भलतीकडे, आणि डोळे शेजारच्याकडे. संध्याकाळी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या आजोबांना विचारलं. त्यांनी मांडीवर बोटं आपटत समजावलं, की एक मोजणी म्हणजे मात्रा, मात्रांचं पुन्हा पुन्हा फिरणारं चक्र म्हणजे ताल, आणि चक्राची पहिली मात्रा, जिथे सगळे एकत्र येतात, ती सम. मग म्हणाले, "तुमचं ते गाणं सहाच्या अंगानं चाललंय. तीन-तीन मोजून पाय टाकून बघा." मी अंगणात चालून पाहिलं. पहिली तीन पावलं उजव्यानं सुरू झाली, पुढची तीन डाव्यानं! जोर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. चार वर्षांच्या पोरानं हे कसं सांभाळायचं? आजोबांनी केरवा सुचवला, आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी न. यात चार-चार पावलं, आणि दर वेळी जोर त्याच पायावर. दोन पायांच्या माणसाला चार मोजणं जवळचं, हे मला या वयात कळलं.

दुसरी अडचण समुद्राची. "समुद्र कुणी पाहिलाय?" म्हटल्यावर बरेच हात वर आले. एकानं तो लोणावळ्याला असतो असं सांगितलं, म्हणजे भुशी धरण. दुसरीनं पवनेचं धरण सांगितलं. तक्त्यावरच्या ऑक्टोपसकडे बोट दाखवून मी बोलायला लागले, पण कुणी ऐकेना. खेकड्यावर बोट गेलं आणि वर्ग उसळला. दिवस भातलावणीचे. प्रत्येकाच्या घरच्या बांधावर बिळं होती, आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. एक मुलगी म्हणाली, "त्याच्या पोटाखाली पिल्लं असतात, मी बघितलीत." खरंच असतात. आपल्या खाचरातला खेकडा गोड्या पाण्यातला. त्याची पिल्लं अंड्यातून निघतात तीच इवल्या खेकड्याच्या रूपात, आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतात. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं मात्र आधी खेकड्यासारखी दिसतही नाहीत आणि पाण्यावर तरंगत वाढतात. हे मी नंतर वाचलं. मुलीनं ते आधीच पाहून ठेवलं होतं.

मग तिलाच पुढे बोलावलं आणि खेकडा करून दाखवायला सांगितलं. ती गुडघे वाकवून बसली, कोपरं बाहेर, बोटांच्या नांग्या वर. चार पावलं आडवी पळाली आणि एकदम थिजली. नुसते डोळे फिरवले. परत चार पावलं, परत थांबली. खेकड्याच्या पायाचे सांधे बाजूला वाकतात म्हणून तो आडवा चालतो, हे पुस्तकात आहे. पण तो सारखा पळत नाही, पळतो आणि कानोसा घेतो, हे त्या मुलीच्या अंगात होतं. चार मात्रा पळायचं, चार मात्रा थांबायचं. आठ झाल्या की पुन्हा सम. मी खंजिरी घेतली. मुलांना 'थांबा' असं मी आधी कितीदा ओरडून सांगितलं होतं आणि कुणी थांबलं नव्हतं. खेकडा झाल्यावर सगळी थांबली.

तरी खंजिरी आणि पावलं काही जुळेनात. मी माझ्या बेतानं वाजवत होते आणि मुलं कधीच पुढे निघून गेलेली असायची. खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता मदतनीस मावशी म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या मागनं वाजवा की." तसं केलं. एका मुलाच्या पायांकडे बघत, त्याचं पाऊल पडेल तशी थाप देत गेले. लहान मुलांची आपली अशी चाल मोठ्यांपेक्षा जलदच असते. पायही आखूड आणि घाईही मोठी. थोडा वेळ त्यांच्या मागे गेल्यावर एक गंमत व्हायची: ते पाय आता खंजिरीवर भरवसा ठेवायचे. मग मी थाप जराशी सैल केली की सगळा वर्ग हळू व्हायचा. नंतर वाचनात आलं, की जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवणारे एमिल जाक-दालक्रोझ यांनी असंच काहीतरी शंभरावर वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. त्यांचे विद्यार्थी कागदावरचं संगीत जाणत, पण लय त्यांच्या अंगात उतरलेली नसे. म्हणून ते पियानो वाजवत आणि विद्यार्थ्यांना त्यावर चालायला, थांबायला, वळायला लावत. आधी अंग, मग कागद. मावशींनी हे एका वाक्यात सांगितलं होतं.

लाटेचा आवाज कुठून आणायचा, हा प्रश्न बरेच दिवस सुटला नाही. डब्यात खडे घालून हलवले, नुसता खडखडाट झाला. मोबाइलवर लाटा लावल्या, मुलं मोबाइल बघायला जमली. आणि एके दिवशी पडवीत मावशी घरून आणलेले तांदूळ पाखडत होत्या. पाखडणं थांबवून त्यांनी सूप नुसतं पुढेमागे कलवलं, खडा दिसतो का ते पाहायला. इंद्रायणी तांदळाचे दाणे मागच्या कडेपासून पुढे सरकले, आणि तो आवाज ऐकून मी जागच्या जागी उभी राहिले. लांबून येणारी, फुटणारी आणि वाळूवरून परतणारी लाट! आम्ही लगेच प्रयोगाला बसलो. सडीक तांदूळ घेतले की आवाज स्वच्छ, खळाळता. टरफलासकट भात घेतलं की घोगरा, दबका. सारवलेल्या सुपावर दाणे सरसर घसरतात, कोऱ्या सुपावर बांबूच्या पट्ट्यांत अडखळत येतात. सुपाची पुढची बाजू उघडी, त्यामुळे दाणे सांडणार नाहीत इतकंच कलवायचं. ते फक्त मावशींना जमतं. मी केलं तर लाट फरशीवर. त्या दिवसापासून समुद्र मावशींच्या हातात आहे, आणि तास चालवायचा असेल तर त्यांची खिचडी आधी उरकायला मी मदत करते.

सूप आल्यावर कासव आलं. कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथली घरटी राखली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिल्लं बाहेर पडली की वाळूवरून आपली आपण समुद्राकडे निघतात. मुलांना मी एवढंच सांगितलं आणि पालथं झोपवलं. ही कासवं वाळूवर एकदा एका बाजूचा, एकदा दुसऱ्या बाजूचा असे वल्ह्यासारखे पाय टाकत सरकतात. म्हणून डावा हात, ओढ, विसावा; उजवा हात, ओढ, विसावा. लाट जवळ आली की जोर करायचा, परतली की श्वास घ्यायचा. 'हळू' हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला त्यांनी इतका वेळ लावला की ताई बाहेर येऊन बघून गेल्या.

ऑक्टोपस लवकर आटोपला. चौघं पाठीला पाठ लावून उभी केली, आठ हात झाले, आणि प्रत्येक हात आपल्या वाटेनं गेला. तसं पाहिलं तर ते बरोबरच होतं, कारण ऑक्टोपसच्या दोन-तृतीयांश मज्जापेशी त्याच्या हातांतच असतात.

जेलीफिशसाठी मी एक फ्रेंच थाटाचं संगीत शोधलं. फ्रान्सच्या कामीय सें-साँस यांनी १८८६ मध्ये प्राण्यांवर चौदा छोट्या रचनांचा एक संच केला, त्यात मत्स्यालयाची एक रचना आहे. दोन पियानो, बासरी, तंतुवाद्यं आणि एक काचेचं वाद्य. लोक आपल्याला गंभीर रचनाकार मानणार नाहीत म्हणून की काय, त्यांनी हंसाची एक रचना सोडून बाकीचा संच हयातीत छापू दिला नाही. तो १९२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापला गेला. मी ती मत्स्यालयाची रचना लावली. एकही पाय हलला नाही. मला वाटलं, नाही आवडलं. मग दिसलं की पाय नाही, पण बोटं हलताहेत, मनगटं तरंगताहेत. या संगीतात पावलाला धरायला ठोका नाही, म्हणून ते हातांकडे गेलं होतं. जुन्या ओढण्यांचे तुकडे आणले, एकेकाच्या हातात दिले. जेलीफिशला मेंदू नाही, हृदय नाही. तिची छत्री आक्रसते, पाणी मागे ढकललं जातं, ती पुढे जाते, आणि मग छत्री पुन्हा फुलते. मुलं आक्रसताना 'फू' करून श्वास सोडायची, फुलताना घ्यायची. तो 'फू' दिवसेंदिवस लांबत गेला. एका श्वासात गाण्याची अख्खी ओळ म्हणणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांना ते या ओढण्यांच्या खेळानंतर जमू लागलं. गाणं शिकवताना मी त्यांना श्वासाबद्दल काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं.

एक मुलगा मात्र कुठलाच प्राणी व्हायला तयार नव्हता. भिंतीला टेकून बसायचा. ताई म्हणाल्या, बसू द्या. एकदा मी विचारलं, "तू कोण रे?" तो म्हणाला, "खडक." बरोबर होतं, समुद्रात खडक हवाच. त्याला मधोमध बसवला. आता खेकडे त्याच्या आडोशाला थांबतात, मासे त्याला वळसा घालतात. सगळ्यांना वळायची जागा कळली ती त्याच्यामुळे.

या सगळ्यात मला सारखी आठवण होते ती ताराबाई मोडकांची. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम करून त्या १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या, समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे सहकारी म्हणून मिळाल्या. मॉंटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं केली, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. मी ज्या पडवीत खंजिरी वाजवते, तिचा उगम असा एका किनाऱ्यावरचा आहे. मावशी सूप हाती घेतात तेव्हा मला त्याचं मोठं बळ वाटतं. साधन विकत आणायचं नसतं, ते मावशींच्या हातात आधीच असतं.

गेल्या आठवड्यात पावसानं ओढा भरला आणि मुलांनी समुद्र सोडून नवीनच हट्ट धरला: चढणीचे मासे व्हायचे. पहिल्या पावसाच्या पाण्यात प्रवाहाच्या उलट वर चढणारे हे मासे त्यांनी बापाच्या, आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेले. कसं करायचं, तेही त्यांनीच दाखवलं: तीनदा अंग वळवळवायचं, मग उडी आणि खाली टेकून दम. वळवळ, वळवळ, वळवळ. उडी, टेक, दम. मी बोटांवर मोजलं. सहा! कोळीगीतानं सहा मात्रांच्या ज्या दादरा तालात अडवलं होतं, तो हा. संध्याकाळी पखवाजवाल्या आजोबांकडे जाऊन मी त्याचे बोल लिहून आणले, धा धी ना, धा ती ना, आणि खंजिरीवर ते बसवतेय. डाव्या-उजव्या पायाचा घोळ माशाला नाहीच, तो दोन्ही पायांनी उडी मारतो. आता अडलंय ते एवढ्यावर, की मासे व्हायला सगळे तयार आहेत आणि उलटं वाहणारं पाणी व्हायला कुणीच नाही. मावशी म्हणतात, मोठ्या मुलांना साडी धरू द्या, मी सूप घेते. उद्या करून बघू.