देवाच्या पानातले मीठ

वार्धक्यात घरातील वादांचे विषयही बदलतात. पैशावरून आणि मुलांवरून जे मतभेद व्हावयाचे ते आमच्या विद्यानगरातील बिऱ्हाडात केव्हाच होऊन गेले. सांप्रत वाद उरला होता तो एकट्या मिठाचा. आम्हा उभयतांचाही रक्तदाब १४०/९० ची वेस ओलांडून गेला, तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि मिठाचे पथ्य सांगितले. गोळी सहज गळी उतरली, पथ्य उतरेना.

या विकाराची अडचण अशी की तो बहुधा दुखत नाही. दुखत्या गुडघ्याची आज्ञा मनुष्य निमूट पाळतो. न दुखणाऱ्या रक्तवाहिन्यांचे कोण ऐकतो? शिवाय उतारवयात जिभेची चव मंदावते म्हणून मीठ अधिक हवेसे वाटते, आणि नेमके त्याच वयात ते शरीराला सोसत नाही. मूत्रपिंडे पूर्वीच्या तडफेने ते बाहेर टाकीत नाहीत, राहिलेले मीठ पाणी धरून ठेवते, आणि ताठर झालेल्या रक्तवाहिन्यांना तो भार पेलत नाही.

येथून फार दूर नसलेल्या तारनाक्यावर राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली आणि १९५८ साली हैदराबादेस आलेली ही संस्था २०२४ च्या आपल्या आहारसूत्रांत दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा घालते; जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे तेच. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, कणीक, ताक सारे आले. लोणच्याला जागा कोठे? उन्हाळ्यात शेजारच्या तेलुगु घरांतून आवकायची बरणी येते, गोव्याच्या आप्तांकडून मिठातली तोरे येतात. प्रेमाने आलेली वस्तू परत कशी धाडावी? सैंधवाचा आधारही आपल्या मंडळींना उगाच वाटतो. एकादशीला ते चालते हे खरे. परंतु उपवासाचे शास्त्र निराळे, मूत्रपिंडाचे निराळे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

तथापि खरा प्रश्न बरणीचा नव्हे, हाताचा होता. आमच्या सौभाग्यवतींनी पन्नास वर्षे नैवेद्याचा स्वयंपाक केला. नैवेद्य दाखविण्यापूर्वी चव घ्यावयाची नाही; तेव्हा मिठाची सारी भिस्त अंदाजावर. तो अंदाज सासूबाईंकडून त्यांच्या बोटांत आला, आणि मंदिरातील समाराधनेच्या मोठ्या पातेल्यांतही कधी चुकला नाही. अशा बाईंना ‘मीठ निम्मे घाला’ म्हणणे म्हणजे गवयाला बेसूर गा म्हणण्यासारखे. ‘‘अळणी नैवेद्य मी देवापुढे ठेवू?’’ या त्यांच्या सवालाचे उत्तर कोणत्याही डॉक्टरांपाशी नव्हते.

ते सापडले पानाच्या मांडणीत. पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याकडेही नैवेद्याच्या पानात वेगळे मीठ वाढीत नाहीत; माणसांच्या पानात मात्र ते सर्वांआधी, वरच्या कडेला येते. कमीजास्त ज्याचे त्याने पाहावे, अशी ही सोय असावी असे आम्हास वाटते. तेव्हा पातेल्यात मीठ कमी पडावे, तरुणांनी कडेचे घ्यावे, आणि आम्हा वृद्धांच्या पानाला देवाच्या पानाचा नियम लावावा, असा तह झाला. तोही एकदम नव्हे. दर आठवड्याला चिमूटभर कमी. जीभ काही आठवड्यांत सरावते. मीठ अजिबात सोडण्याचा अतिरेक मात्र नको. हैदराबादच्या वैशाखात, त्यातून लघवी वाढविणारी गोळी चालू असता, रक्तातील सोडियम घसरून घेरी येऊ शकते. बाजारात मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण दुबळ्या मूत्रपिंडांना ते घातक ठरते.

गेल्या चतुर्थीस पाहुणे पंक्तीला बसले. खतखत्याचा पहिला घास घेताच तिघांचे हात पानाच्या कडेकडे गेले. सौभाग्यवतींनी ते पाहिले. काही न बोलता त्या आत गेल्या आणि मिठाची वाटी घेऊन पंक्तीतून फिरल्या. आमच्या पानापाशी वाटी थांबली नाही.