बारा खुर्च्यांचे टेबल

अब्बा तीस वर्षे बोटीवर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पी अँड ओसारख्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर तेव्हा कामाची ठरलेली वाटणी असे. डेकवर बरेचसे रत्नागिरीकडचे, इंजिनखात्यात पंजाब-सरहद्दीकडचे, आणि सलूनमध्ये वाढायला गोव्याचे ख्रिस्ती. डेकवाल्यांची चूलही वेगळी. मटण हलाल असावे म्हणून भंडारी आपल्यातलाच ठेवत. अब्बांनी इतक्या माणसांना जेवू घातले, पण पाहुण्यांचा स्वयंपाक जिथे होई त्या मोठ्या गॅलीत त्यांना कधी पाय ठेवायला मिळाला नाही. "वर वेगळीच दुनिया आहे," एवढेच ते सांगत.

म्हणून सिंगापूरला असलेल्या मुलाने आम्हा दोघांसाठी चार रात्रींची समुद्रसफर ठरवली आणि माहितीपुस्तक पाठवले, तेव्हा माझी नजर एकाच ओळीवर अडकली. शेफ्स टेबल. रोज संध्याकाळी नव्हे, सफरीत फक्त दोनदा. पाहुणे बारा. आधी पांढरे कोट घालून गॅलीत फेरी, मग मुख्य शेफ स्वतः येऊन एकेक पदार्थ समजावून सांगणार. माणशी शंभर डॉलरच्या आसपास, तिकिटाशिवाय वेगळे.

बोटीवर जास्तीचे पैसे देऊन खास जेवायची ही हौस जुनी आहे. १९०५ मध्ये 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर रिट्झच्या नावाचे असे पहिले हॉटेल निघाले. १९१२ च्या टायटॅनिकवरही पहिल्या वर्गासाठी ते होते, आणि पहिल्या वर्गाचे भाडे भरलेले लोक तिथे पुन्हा पैसे मोजून जेवत. पैसेवाल्यांनाही आपापसात वरचा मजला लागतो!

आता हिशेब करा. जहाजावर तीन हजारांवर प्रवासी आणि दोन संध्याकाळच्या मिळून खुर्च्या चोवीस. मुलाने दोन महिने आधी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहिले तर सगळ्या गेलेल्या. असे का होते ते नंतर कळले. पुष्कळ कंपन्या जुन्या गिऱ्हाइकांना आधी दार उघडतात. डिस्नीच्या जहाजांवर मोठ्यांसाठी 'पालो' नावाचे हॉटेल आहे. त्याची जागा पहिल्यांदा येणाऱ्याला ७५ दिवस आधी मागता येते, तर वारंवार येणाऱ्यांना त्यांच्या दर्जाप्रमाणे ९०, १०५, १२० दिवस आधी. म्हणजे आपण यादी उघडेपर्यंत पंगत बसलेली असते.

तरी एक वाट उरते. चढण्याची सगळ्यात आधीची वेळ घ्यायची, आणि जहाजावर पाय ठेवताच लोक बुफेकडे धावतात तेव्हा आपण जेवणाच्या बुकिंगचे काउंटर गाठायचे. आम्ही दुपारी बाराला चढलो. आमचे हे उपाशीपोटी माझ्यामागे काउंटरला उभे राहिले, चेहरा न बोलता बोलत होता. रांगेत चौथा नंबर होता, तरी मिळाली ती प्रतीक्षायादी. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने खाण्याचे पथ्य विचारले. मी लिहून दिले: मांस नको, डुकराची चरबी कशातही नको, रश्शात वाइन नको. पेल्यांचे विचारायचे मात्र राहून गेले.

वाटेत पेनांग लागले. त्या एका दिवसासाठी पुन्हा जाईन. धक्क्यापासून चालत कपितान केलिंग मशीद गाठता येते. १८०१ मध्ये इंग्रजांच्या वखारीबरोबर आलेल्या हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी ती उभारली. घुमट आणि मिनार पाहून परदेशात आल्यासारखे वाटतच नाही. जोहर तिथे पढली आणि जवळच्याच गल्लीत नासी कांदार खाल्ले. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. तामिळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भाताचे भांडे, दुसऱ्या टोकाला कालवणाचे, असे बंदरातल्या मजुरांना विकत फिरत. आता दुकाने झाली, नाव तेच राहिले. भातावर दोन-तीन कालवणे एकत्र ओततात, आणि भरपूर हवी असतील तर 'बांजिर' म्हणायचे. बांजिर म्हणजे पूर. यांनी दोनदा पूर मागवला.

केबिनमध्ये परतलो तर फोनवरचा लाल दिवा लुकलुकत होता. एका जोडप्याने नाव मागे घेतले होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन खुर्च्या आमच्या. दाराखालून छापील कार्डही आले होते. यांनी ते चष्मा लावून वाचले आणि माझ्यापुढे ठेवले. पाच पदार्थ, आणि प्रत्येकाखाली एका वाइनचे नाव.

"आपण घ्यायची नाही, एवढंच ना?" मी म्हटले.

"आपण घेणार नाही. पण एकच टेबल आहे. बसायचं कुठे?"

ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, ही हदीस आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. मी वाद घातला. विमानातही शेजारचा पितोच की! ते म्हणाले, विमानात आपण लाचारीने बसतो आणि ज्याचा त्याचा ट्रे वेगळा असतो, इथे आपण हौसेने, पैसे भरून त्यांच्या पंगतीत जाणार. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचे बरोबर होते, म्हणून तर जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी फुकेतला मी उतरलेही नाही. दुपारभर केबिनमध्ये बसून राहिले आणि हळूहळू लक्षात आले की त्या बारा जणांशी मला काहीच देणेघेणे नाही. मला गॅली पाहायची होती.

तीनच्या सुमारास काउंटरवर गेले. अब्बांच्या नल्लीचा, म्हणजे खलाशाच्या दाखल्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये असतो. तो दाखवून म्हटले, खुर्च्या परत घ्या, यादीतल्या पुढच्यांना द्या, पण आम्हाला आतून एक फेरी मारू द्या. मुलगी आत गेली आणि शेफना घेऊनच आली. ते मूळचे मंगळूरचे. हुद्द्याच्या रकान्यातला शब्द त्यांनी मोठ्याने वाचला, "भंडारी." मग म्हणाले, पाहुण्यांच्या आधी या, साडेपाचला. पैसेही परत मिळाले.

हात धुऊन, कोट-टोपी घालून आम्ही वीस मिनिटे आत होतो. आगीच्या भीतीने तिथे उघडी ज्योत नाही, सगळे विजेवर. शेगड्यांच्या कडेने लोखंडी गज, समुद्र खवळला तरी भांडे घसरू नये म्हणून. अब्बा अशा गजांविषयी सांगत, ते डोळ्यांनी तेव्हा पाहिले. मांसाच्या, मासळीच्या, भाजीच्या फळ्या वेगवेगळ्या रंगांच्या. भट्टीशी उभा मुलगा म्हणाला, पाव रात्रभर भाजले जातात. शेवटी शेफनी बाजूच्या दाराने कर्मचाऱ्यांचे स्वयंपाकघर दाखवले. तिथे डाळ उकळत होती. मी तिथे जरा जास्तच वेळ थांबले असेन, कारण यांनी हलकेच कोपर धरले.

रात्री रोजच्याच टेबलावर बसलो. शेफनी वेगळ्या तव्यावर लोण्यात भाजलेला मासा पाठवला, चव जिभेवर राहणारी. गोड पदार्थात जिलेटिन होते म्हणून त्यांनी आंबा दिला.

तुम्ही जाल तर विचारणा तिकीट काढतानाच करा, आणि लेखी. नुसते 'पोर्क नको' म्हणून भागत नाही. सूप कसल्या यखनीवर केले, रश्शात वाइन आहे का, गोडात जिलेटिन कशाचे, मासा कोणत्या तव्यावर, हे चारही प्रश्न विचारायचे. बहुतेक जहाजांवर रोजचे मांस हलाल नसते. काही कंपन्या पुरेसे आधी कळवल्यास सोय करतात. सिंगापूरहूनच सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीमवर हलाल प्रमाणपत्राचे जेवण मिळते. हा शोध मला परतल्यावर लागला.

निघताना शेफना विचारले, सगळे टेबल एकाच कुटुंबाने घेतले तर? ते हसून म्हणाले, मग पेल्यांत काय ओतायचे ते कुटुंबाने ठरवायचे, सरबत म्हणाल तर सरबत. घरी आल्यावर हे बहिणीला सांगितले. तिने लगेच वही काढली. आम्ही दोघे, ते दोघे, भाऊ-भावजय, मुले, सुना, जावई मिळून अकरा झाले. बारावी खुर्ची अम्मीची, असे मी म्हणते. वय चौऱ्याऐंशी. अम्मी म्हणते, तुझ्या अब्बांनी आयुष्यभर बोटीवरचं खाल्लं, मला कशाला तिथे नेता, मी घरीच बरी. बहीण मात्र तिच्या पासपोर्टच्या फोटोसाठी वेळ घेऊन आली आहे.