कशिश

१९९३च्या जुलैत मी सिल्लोड तालुक्यातून औरंगाबादला आलो, तो आयटीआयचा फॉर्म भरायला. फिटर व्हायचं आणि वाळूजच्या एखाद्या कंपनीत लागायचं, एवढंच डोक्यात होतं. मुदत आदल्या दिवशी संपली होती. परतीची एसटी संध्याकाळची आणि वर धो धो पाऊस. गुलमंडीजवळ पाट्या रंगवणाऱ्या एका दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो. आतल्या चाचांनी मान वर न करता हात पुढे केला. "बेटा, वो लाल का डब्बा दे." मी डबा दिला. मग पिवळा दिला. मग शिडी धरली. त्या संध्याकाळची एसटी गेली आणि मी पुढची अकरा वर्षं त्या दुकानात राहिलो.

चाचा मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांतून पाट्या लिहायचे. मला मात्र त्यांनी आधी अक्षर काढूच दिलं नाही. जुन्या पत्र्यावर दोन महिने नुसत्या रेघा. उभी, आडवी, मग अर्धा गोल. उर्दूच्या नस्तालीक वळणात काही अक्षरांचा आडवा फटकारा लांब ओढतात, त्याला कशिश म्हणतात. कशिश ओढताना मध्येच थांबलात की तिथं रंग साचतो, आणि ती गाठ रस्त्याच्या पलीकडूनही दिसते. मनगट स्थिर ठेवायचं, कोपर मोकळं सोडायचं आणि खांद्यातून रेघ काढायची. "दम भर के खींच," एवढाच चाचांचा धडा. मराठीतली वेलांटीसुद्धा मी या उर्दू फटकाऱ्यावरूनच शिकलो.

तीन वर्षांनी एका हॉटेलची पाटी आली. मालकांना आतल्या भिंतीवर अजिंठ्याच्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणीही हवा होता. ठरलेला चित्रकार काम सोडून मुंबईला निघून गेला होता. "तुमच्याकडं कुणी चित्र काढतं का?" त्यांनी विचारलं. चाचांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी तोवर माणसाचा चेहरा कधीच काढला नव्हता. लेणी आमच्या गावापासून तासाभरावर, पण पाहिली होती ती शाळेच्या सहलीत, अंधारात, रांगेत ढकलले जात.

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवारी पहाटेची जळगाव गाडी धरली. पहिल्या लेण्यात, गाभाऱ्याच्या डाव्या हाताला तो उभा आहे. त्याच्या उजव्या हातात निळं कमळ आहे आणि नजर खाली झुकलेली. मी मुकुट पाहिला नाही, मोत्यांची माळ पाहिली नाही. मला दिसली ती भुवई. एका टोकाला ब्रश टेकलेला, दुसऱ्या टोकाला उचललेला, मध्ये कुठं गाठ नाही. ती कशिश होती. ही रेघ काढणारा माणूस पंधराशे वर्षांपूर्वी इथं श्वास रोखून उभा होता, आणि त्यानं श्वास कुठं भरला, कुठं सोडला, हे मला कळत होतं. चित्रकलेचा एकही वर्ग न शिकलेल्या मला हे कळावं, यानं तेव्हा भरून आलं. आजही येतं.

पुढं जॉन ग्रिफिथ्स यांच्याबद्दल वाचायला मिळालं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ अशी वर्षं त्यांनी इथल्या नकला करून घेतल्या. त्यांनीही हेच नोंदवून ठेवलं आहे की लांब वळणाच्या रेषा इथं एकाच फटक्यात, न अडखळता ओढल्या आहेत, भिंतीवर आणि त्याहून अवघड अशा छतावरसुद्धा. मान मागं टाकून छतावर रेघ ओढून पाहिल्याशिवाय यातलं 'अवघड' समजत नाही. तिथं खांद्याचा आधारच निघून जातो.

हॉटेलच्या भिंतीवर मला सात आठवडे लागले. अंग, दागिने, कमळ जमलं. चेहरा चार वेळा पुसला. मी डोळे कोरत बसत होतो, आणि कोरलेले डोळे मिटत नाहीत, झुकतही नाहीत. पाचव्या वेळी चाचा येऊन मागं उभे राहिले आणि म्हणाले, "इसको तस्वीर मत समझ, हर्फ समझ." हर्फ म्हणजे अक्षर. मग पापणीची रेघ एका दमात आली.

रंगातही मी मोठी चूक केली होती. दिसला तसा सोनेरी पिवळी झाक असलेला वर्ण कालवला होता. त्या पिवळ्यातला बराचसा भाग लाखेच्या जुन्या वॉर्निशचा आहे, हे नंतर कळलं. निजाम सरकारनं १९२०मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन जाणकारांना चित्रांच्या दुरुस्तीसाठी बोलावलं होतं. सुटलेले पापुद्रे त्यांनी लाखेनं धरून ठेवले, तीच लाख पुढं पिवळी पडत गेली. आता अजिंठ्याच्या नकला करताना मी फळीवर माती, वाळू, तूस आणि गवत यांचं अस्तर देतो, वर चुन्याचा पातळ हात. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा, सगळं अजिंठ्याच्या चित्रकारांना आसपास मिळत होतं. निळा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानातून यायचा. पद्मपाणीच्या हातातल्या कमळापर्यंत तो किती हातांतून पोचला असेल, हा विचार ते कमळ रंगवताना दर वेळी येतो.

अजिंठ्याच्या नकला करणाऱ्यांत मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते मेजर रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला शिपाईगडी, १८४४मध्ये या कामावर नेमला गेला आणि अजिंठा गावच्या बारादरीत राहून वर्षानुवर्षं मोठमोठी तैलचित्रं करत राहिला. लंडनला पाठवलेली ती चित्रं क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती. १८६६च्या आगीत बहुतेक जळाली. ग्रिफिथ्स यांच्या वेळच्याही कितीतरी नकला १८८५मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीनं नेल्या. तरी १९०९च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम नकला करायला आल्याच, आणि त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, हैदराबादहून सय्यद अहमद. गिल तोवर भुसावळच्या दफनभूमीत विसावून तीस वर्षं झाली होती.

माझा पहिला पद्मपाणीही राहिला नाही. नूतनीकरणात ती भिंत पाडली. फोटो काढून ठेवावा इतकी समज तेव्हा नव्हती. दुकान फ्लेक्सच्या लाटेत २००४मध्ये बंद झालं आणि त्यानंतर चाचांनी ब्रश धरला तो फक्त आमच्या घराच्या दारावर माझं नाव लिहायला. त्या नावातली वेलांटी मी रोज घराबाहेर पडताना पाहतो.

मागच्या मंगळवारी पुन्हा लेण्यात गेलो होतो. आत फार वेळ थांबू देत नाहीत, म्हणून मी आता एकच रेघ ठरवून जातो. या वेळी डाव्या खांद्यापासून खाली कोपराकडं उतरणारी. माझ्याकडून ती आजवर दोन दमांतच झाली आहे, दंडाच्या मध्यावर सांधा राहतोच. कठड्याशी उभं राहून मी हवेत बोटानं ती तीनदा ओढली. तिसऱ्यांदा मागच्या माणसानं पुढं सरकायला सांगितलं, तेव्हा बोट कोपरापाशी पोचलं होतं आणि श्वास अजून शिल्लक होता.