आवाज न करणारी कोंबडी

आमच्या गल्लीत कोंबड्यांवरून जेवढी भांडणं झाली, ती सगळी आरवणाऱ्या कोंबड्यापायी. नाहीतर कुणाच्या वाळवणात शिरलेल्या पिल्लांपायी. खुडूक बसलेल्या कोंबडीची तक्रार घेऊन कुणी दारात आल्याचं आम्हा भावंडांपैकी एकालाही आठवत नाही. एरवी एक अंडं घातलं की साऱ्या गल्लीला सांगत सुटणारी ही बाई, अंड्यांवर बसली की एकवीस दिवस तोंड उघडत नाही. हात जवळ नेला तर पंख फुगवून कुर्रर्र करते, फार झालं तर टोच मारते. कोंबडी लपवायची वेळ आमच्या घरावर पुष्कळदा आली आणि दर वेळी ही खुडूकच तेवढी बिनबोभाट लपली.

पहिली बंदी गावाची नव्हती, घरचीच होती. आजोबा माळकरी. त्यांच्या हयातीत अंडं ओसरी चढलं नाही. कोंबड्या गोठ्यात, खुराडं गोठ्याच्या मागच्या भिंतीला, आणि हा सगळा कारभार आजीचा. आजोबांना तो दिसत नसे, म्हणजे दिसायचा, पण विषय निघायचा नाही. अंडी बाजाराच्या दिवशी जायची. ते पैसे आजीचे. बांगड्या, आमच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं, सगळं त्यातून. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला तेव्हा माणसांनी नाकं मुरडली. कोंबड्यांनी तो आवडीनं खाल्ला आणि घरात रोख पैसा दिसला तो त्यांच्याच जिवावर, असं आजी पुढे कैक वर्षं ऐकवायची.

आमचं जाफराबाद हे पूर्णा आणि केळनेच्या संगमावरचं गाव. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात. तालुक्याचं ठिकाण असलं तरी तेव्हा गाव गावासारखंच होतं. दर दोन घरांआड खुराडं.

कोंबडी बसवायचा हंगाम ठरलेला. वैशाखात कुणी बसवत नसे. आमच्याकडे पारा बेचाळिसावर जातो. अंडं कोंबडीखाली जाण्याआधीच उन्हानं अर्धवट उबतं आणि मग ना पिल्लू ना पोळी. श्रावण मात्र सोयीचा. महिनाभर अंडी खाणारं कुणी नसे, गिऱ्हाईकही कमी, म्हणून साठायची. आजी ती ज्वारीच्या डेऱ्यात दाण्यांत पुरून ठेवायची, गार राहतात म्हणून. आठ-दहा दिवसांहून जुनं अंडं बसवायला घ्यायचं नाही, तडा गेलेलं नाही, फार मोठं नाही. डालग्यात भुसा, त्यावर अकरा किंवा तेरा अंडी, आणि कडेला एक खिळा व दोन लाल मिरच्या. ढग गडगडले की अंडी नासतात, लोखंडानं ती वाचतात, असा समज. खिळ्यानं काही होत असेल असं मला वाटत नाही, पण आजीची पिल्लं निघायची आणि खिळा तिथंच असायचा, त्यामुळे वाद कोण घालणार?

पुढे भिंतीवर ‘कालनिर्णय’ आलं आणि आई त्यावर पेन्सिलीनं ‘को. ब.’ लिहू लागली. त्याच चौकोनात दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, आणि एकविसाव्या दिवसाभोवती गोल. पाहुण्यांना वाटायचं कुणाचा वाढदिवस आहे.

सातव्या-आठव्या रात्री अंडी बघायचं काम आमचं. गोठ्यातला दिवा मालवायचा, वहीच्या पुठ्ठ्याची नळी करून अंड्याला लावायची, दुसऱ्या बाजूनं बॅटरी. जिवंत अंड्यात मध्ये काळा ठिपका आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं, कोळ्यानं विणल्यासारखं. ठिपका हलायचा. जे स्वच्छ पिवळं दिसेल ते गार, ते बाजूला. हात कोंबडीखाली घातला की कळायचं, तिच्या पोटाखालची पिसं झडलेली असतात आणि तिथली उघडी कातडी चटका बसावा इतकी गरम. दिवसातून एकदा ती उठायची. घाईघाईनं दाणे, पाणी, राखेत लोळण, एक भलीमोठी घाण, आणि पाव तासात परत. अंडी रोज पायानं, चोचीनं ती फिरवते. म्हणून पिल्लू कवचाला चिकटत नाही.

कोंबडा सगळ्यांकडे नसायचा, मग बटईनं व्यवहार. पलीकडच्या चाचींकडे झुंजीचा वाटावा असा कोंबडा होता. अंडी त्यांची, खुडूक आमची, पिल्लं निम्मी-निम्मी. चाची मध्येच डोकावायच्या आणि आम्हांला दटावायच्या, ‘कुडक बैठी है बाई, छेडो नको उसकू!’ वाटणीच्या वेळी मात्र तलंगा किती आणि नर किती यावर दोन्हीकडच्या बाया हमरीतुमरीवर यायच्या. घार, मांजर आणि मुंगसाचा वाटा आधीच गेलेला असायचा.

खरी कटकट बसवण्यात नव्हती, उठवण्यात होती. अंडी नसताना, नको त्या महिन्यात कोंबडी खुडूक झाली की ती रिकाम्या जागेवर, एखाद्या गोट्यावरसुद्धा बसते, अंडी देणं बंद. गावठी कोंबडी आधीच वर्षाला पन्नास-साठ अंड्यांची. त्यात दोनतीनदा खुडूक झाली की हिशोबच बिघडतो. मग उपाय. पोटापर्यंत गार पाण्यात बुडवायचं. पायाला सुतळी लावून भर अंगणात बांधायचं. तिचंच पीस काढून नाकपुड्यांतून आरपार घालायचं. हा शेवटचा उपाय आत्या करायची आणि मी तेव्हाही पळून जायचो. निव्वळ छळ आहे तो. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे तिला बसावंसं वाटतं, अंगाखालची ऊब मोडली की ते ओसरतं. म्हणून खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, अंथरूण न घालता, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली तरी पुरतं. पांढऱ्या लेगहॉर्नला हे काहीच लागत नाही. पिढ्यान् पिढ्या निवड करून माणसानं तिचा खुडूकपणा जवळपास घालवला, म्हणून ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि पिल्लं यंत्रातून निघतात.

मग गाव बदललं. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, गोठे पाडून स्लॅब पडले, अंगणात फरशी आली. फरशीवर कोंबडीला उकरायला काय मिळणार? फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यात. परिघातल्या परसातल्या कोंबड्याही मारतात हे कळल्यावर आमच्या गल्लीत सन्नाटा. एरवी जिच्या कोंबड्यांची पिल्लं मागायला बाया यायच्या, तिच्या दाराकडे बघून त्याच नाकाला पदर लावू लागल्या. आमच्याकडे एक खुडूक बसलेली होती. आईनं डालगं न्हाणीमागे नेलं, वर गोणपाट टाकलं. कोंबडीनं चकार शब्द काढला नाही. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तेच झालं आणि या वेळी आईनं आपणहून सगळ्या विकून टाकल्या. तिचं बरोबर होतं, असं मला आता वाटतं. लपवलेल्या कोंबडीपायी शेजाऱ्याचं पोर आजारी पडलं असतं तर?

आता धाकटी बहीण संभाजीनगरला सिडकोत राहते. भाड्याचं घर, घरमालकीण वर. अट एकच: ‘ताई, कोंबडा नको.’ तिनं गच्चीवर तीन गावठी कोंबड्या ठेवल्यात. कोंबड्याशिवाय अंडी मिळतात, पिल्लं नाहीत, पण खुडूक व्हायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. तशी एक झाली. घरच्या ग्रुपवर तिनं विचारलं, काय करू? आत्यानं पीस सुचवलं. काकूंनी पाणी. चुलतभाऊ म्हणाला, टेंभुर्णीहून फळधारी अंडी आणून देतो, बसव. घरमालकिणीचा विचार करून बहिणीनं जुना पिंजरा दोन विटांवर ठेवला. तीन दिवसांत कोंबडी उठली. अंडं द्यायला तिनं पुढे बरेच दिवस लावले, आणि पहिलं अंडं घालून जी बोंब ठोकली, ती ऐकून घरमालकीण जिना चढून वर आली. ते अंडं बहिणीनं तिलाच देऊन टाकलं.