जुन्या संगणकावर दूरदर्शन

दूरदर्शनवर शेतीचा कार्यक्रम लागतो, तेव्हा आपण बहुधा गोठ्यात असतो. तो साठवून रात्री जेवणं उरकल्यावर सगळ्यांना मिळून बघता आला तर? आमच्या घरी जुना संगणक होता. दुकानदार म्हणाला, "याच्यावर नाही जमायचं. नवा घ्या." नव्याच्या पैशांत हंगामाचं खत येतं! म्हणून जुन्यावरच जमवायचं ठरवलं.

आमच्या संगणकावर लिनक्स आहे. ही मुक्त प्रणाली. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हे. घरचं बियाणं आपण पुढच्या पेरणीला ठेवतो, शेजाऱ्यालाही पायलीभर देतो, तशीच ही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरच्या लोकांनी तो वाढवला.

छपरावर डीडी फ्री डिशची छत्री होतीच. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे पैसे पडत नाहीत. छत्रीची वायर संगणकाला जोडणारा ट्यूनर तेवढा आणला. सोबतची सीडी मात्र फक्त विंडोजसाठी होती.

ट्यूनर जोडला, पण चित्र काही येईना. अशा वेळी घाबरू नका. लिनक्स आपलं दुखणं लिहून ठेवतं. 'डीमेसेज' हा हुकूम दिला की ते वाचता येतं. तिथे लिहिलं होतं: ट्यूनर ओळखला, पण फर्मवेअरची फाइल सापडली नाही.

फर्मवेअर म्हणजे ट्यूनरमधल्या चिपला तिचं काम सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. तो बहुधा चिपच्या कंपनीच्या मालकीचा असतो, म्हणून काही लिनक्समध्ये तो आधीपासून नसतो. हव्या त्या फाइलचं नाव त्याच ओळीत होतं. ती मिळवून 'लिब'मधल्या 'फर्मवेअर' या कप्प्यात ठेवली आणि ट्यूनर काढून पुन्हा जोडला. मग 'कॅफीन' या प्रोग्रॅममध्ये ९३.५ अंश पूर्वेचा उपग्रह निवडून वाहिन्या शोधल्या, आणि सह्याद्री दिसू लागली! आता वेळ लावून ठेवली की कार्यक्रम आपोआप साठतो.

तुम्हीही करून बघा. मात्र ट्यूनर घेताना तो छत्रीवर चालणारा आहे ना, हे पाहा. साध्या अँटेनाचा इथे चालत नाही. त्याची चिप लिनक्सला ओळखते का, हेही आधी विचारा. वाहिन्या सापडल्या नाहीत, तर छत्रीची दिशा आणि वायरची टोकं तपासा. आणि जमलं, की शेजारच्या घरीही लावून द्या.