दांडी किती जाड?

गिटारच्या ‘नेक’ला मराठीत मान म्हणायला जीभ वळत नाही. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे, दांडी. सतारीची दांडी, तंबोऱ्याची दांडी.

दांडी म्हटलं की मिरज आठवते. १८५० च्या सुमारास तिथे फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली. शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. ती परंपरा आजही चालू आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

गंमत अशी, की प्रत्येक वाद्याची दांडी त्याच्या कामाप्रमाणे घडते. तंबोऱ्यात डाव्या हाताने सूर दाबायचे नसतात, म्हणून ती भरदार आणि आतून पोकळ. सतारीत मींड घ्यायला तार आडवी खेचावी लागते, म्हणून दांडी चांगली रुंद, वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखी.

गिटारचं तसं नाही. तिची दांडी मुठीत मावायला हवी. डावीकडे बोटांना तारा जवळ हव्यात आणि उजवीकडे छेडायला मोकळ्या, म्हणून ती निमुळती. पोलादी तारांच्या गिटारला वरच्या टोकाशी साधारण ४३ मिलिमीटर रुंदी असते, बाराव्या पडद्यापाशी ५३ च्या आसपास. जाडीसुद्धा खाली येताना एक-दोन मिलिमीटरने वाढते. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो! तरीही दांडी बारीक ठेवता येते, कारण तिच्या पोटात पोलादी सळई बसवलेली असते.

हे सगळं मला कळलं ते नातीमुळे. ती सहावीत आहे. मामाची जुनी गिटार तिच्याकडे आली. दहा मिनिटांत अंगठा दुखायचा. जो तो म्हणे, “सवय होईल.” महिन्याभरात गिटार कपाटावर गेली. माझा हात लहान आहे, मला नाही जमणार, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. मला तेच लागलं.

इथे नाशकातच वाद्यं दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्याने गिटारआधी नातीचा पंजा पाहिला. दांडी पहिल्या पडद्यापाशी २५ मिलिमीटर भरली. आतली सळई किती खोल आहे ते त्याने तपासलं, तारा उतरवल्या, मागच्या बाजूला मधोमध पेन्सिलीची रेघ मारली आणि दोन्ही अंगांनी कानस चालवली. थोडं घासायचं, मापायचं, नातीच्या हातात द्यायचं, पुन्हा घासायचं. “काढलेलं लाकूड परत चिकटत नाही, आजोबा,” तो म्हणाला. २२ वर थांबला. मग पॉलिश पेपर आणि वरून तेलाचा हात.

‘एफ’ कॉर्ड तिला अजून नीट लागत नाही. तिथे मात्र सवयच हवी. पण गिटार आता कपाटावर नसते.

चौतीस वर्षं मी शाळेत एकाच मापाचे बाक पाहिले. कुणाचे पाय लोंबकळायचे, कुणाचे गुडघे अडकायचे. ‘सवय होईल’ हे पुष्कळदा खरंही असतं. पण कधी मुलाचा हात वाढेपर्यंत थांबायचं आणि कधी तीन मिलिमीटर लाकूड काढायचं, हे ओळखायला आधी तो हात हातात घेऊन बघावा लागतो.

असो. बघा पटतंय का.